बोलती यादी

माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या शेवटी बेचाळीस संदर्भ होते. त्यांतले मी खरोखर वाचलेले अकरा. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक मी, आणि दुसरे गंगाखेडच्या आमच्या छोट्या कॉलेजचे ग्रंथपाल. त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी ते ओळखलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. निबंधाची प्रत मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली होती, कौतुक करतील म्हणून. त्यांनी पहिलं पान उघडलंच नाही. थेट शेवटचं काढलं, खिशातून पेन्सिलीचा तुकडा घेतला, पहिल्या संदर्भावर टेकवला आणि विचारलं, "ताई, ह्या पुस्तकाचं कव्हर कोणत्या रंगाचं हाय?"

मी म्हटलं, "सर, पीडीएफ होती."

"आसू द्या. पीडीएफलाबी पहिलं पान आसतंय. त्याच्यावर काय हाय?"

मला आठवेना. दुसऱ्या संदर्भापाशी त्यांनी विचारलं, हा माणूस पुस्तकात कुणावर चिडलाय. तिसऱ्यापाशी विचारलं, वाचताना झोप कोणत्या पानावर आली. खरोखर वाचलेल्या अकरांबद्दल मी पटापट उत्तरं दिली, झोपेच्या पानासकट. बाकीच्यांपाशी मी गप्प. प्रत्येक गप्प बसण्यापुढे त्यांनी एक बारीक टिंब दिलं. एकतीस टिंबं झाली. मग पेन्सिल खिशात ठेवून म्हणाले, "ही मुकी यादी हाय. लग्नाला कोण कोण आलं ते तुमी लिवलं. कोण काय बोलून गेलं, ते कुठाय?"

त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, की घरी जाताना सोनपेठच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांच्याबद्दल आज लिहायला बसले आहे ती मात्र निव्वळ कृतज्ञतेनं. मधलं सगळं सांगायला हवं.

त्यांना पुढ्यात सगळे 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'कार्डवाले'. अंगानं किरकोळ, डोक्यावर चारच केस, पण तेही नीट विंचरलेले. खांद्यावर कायम एक पंचा, पुस्तकं झटकायला. जेवल्यावर हात पुसायचा पंचा वेगळा, आणि दोन्हींची अदलाबदल झाली तर त्यांना दिवसभर चैन पडत नसे. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. कपाटांमधल्या बोळात एक स्टूल होतं, त्यावर बसत. म्हणत, "खुर्चीत बसलं की माणूस पुस्तक काढायला दुसऱ्याला सांगतोय."

कार्डवाले हे नाव पडायलाही कारण होतं. कॉलेजच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा जुनी कार्डांची कपाटं मोडीत काढायचं ठरलं. लाकडी खणांत ओळीनं लावलेली हजारो कार्डं, एका बाजूला टाइप केलेलं पुस्तकाचं नाव, खाली सळई जायला एक भोक. रद्दीवाला येऊन दाराशी उभा राहिला, तेवढ्यात सरांनी पहिला खण उचलला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधला. तीन दिवस सर कॉलेज ते घर अशा खेपा घालत होते. कुणी अडवलं नाही, कारण ते वेडेपणा करतायत याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "मागची बाजू कोरी हाय न्हवं, मंग रद्दी कशी?"

त्या कोऱ्या बाजूसाठी त्यांनी एक नियम केला. पुस्तक आठ दिवसांत परत आलं तर ठीक. एक दिवस जरी उशीर झाला तर दंड म्हणून त्या पुस्तकाचं कार्ड लिहून द्यायचं. चार ओळी. पहिली ओळ, कोण लिहितंय आणि कुठं उभं राहून लिहितंय. दुसरी, त्याचं म्हणणं काय. तिसरी, कशावरून. चौथी, माझ्या काय कामाचं. पाचवी ओळ लिहायला सक्त मनाई. "पाचव्या ओळीत माणूस शहाणपणा करायला लागतोय," असं ते म्हणत. दंडाच्या भीतीनं पोरं पुस्तक न उघडताच सातव्या दिवशी परत आणून देऊ लागली. सरांना याचं फार वाईट वाटे, पण नियम त्यांनी बदलला नाही.

लिहिलेली कार्डं ते भोकातून सुतळी ओवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगत, किराणा दुकानात पावत्या टांगतात तशी. एका विषयाची एक सुतळी. कुणी विद्यार्थी विषय घेऊन आला की पुस्तकाआधी सुतळी उतरवून त्याच्या हातात देत. कोणतं पुस्तक पहिलं वाचायचं, कोणतं नाही वाचलं तरी चालेल, कोण कुणाशी भांडतंय, सगळं त्या माळेत सापडायचं. माझे गाईड याला अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी, म्हणजे टिपांसह संदर्भसूची, म्हणत आणि परदेशात हे फार चालतं, आपल्याकडे वेळ कुणाला आहे, असंही म्हणत. सर तिला बोलती यादी म्हणत.

सवय अशी मुरली होती, की ते कशाचंही कार्ड करत. गंगाखेडच्या स्टँडवरच्या वेळापत्रकाचं कार्ड मी स्वतः वाचलं आहे. 'लिहिणारा: आगार, आत बसून. म्हणणं: सोनपेठ साडेचार. कशावरून: कळत नाही. काय कामाचं: वाचून पाणपोईकडे निवांत जाता येतं.' लग्नपत्रिकांची त्यांच्या घरी वेगळी सुतळी होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीत त्यांनी 'तपासलं नाही, विचारलं' असं लिहून ते कार्ड डॉक्टरांनाच दाखवलं होतं. डॉक्टरांनी मग त्यांना टेबलावर झोपवून तपासलं म्हणे. हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या आणि कपाळालाही हात लावत होत्या.

एवढं करून स्वतः सरांनी आयुष्यात एकही शोधनिबंध लिहिला नव्हता. कुणी प्राध्यापक चेष्टेनं त्याची आठवण करून देई. सर शांतपणे म्हणत, "मला अजून लिवण्यासारखं काई सापडलं न्हाई. वाचण्यासारखं लय सापडायलंय." यात कसलाही तोरा नसे. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

आता माझ्या निबंधाकडे येते. विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींच्या शाळेचा. हा विषय मला शोधावा लागला नव्हता, मी त्यातच वाढले होते. आमचं गाव सोनपेठकडचं. दिवाळी झाली की आई-वडील कोयता घेऊन कारखान्याला निघत, आणि आमच्या वस्तीतली निम्मी दारं बंद होत. सहावीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर गेले. पुढे मावशीकडे राहिले आणि गावातल्या विहारात बसून अभ्यास केला. वस्तीतल्या मुलींमध्ये पीएच.डी.पर्यंत पोचलेली मी पहिली. याचा आईला केवढा अभिमान होता ते ती कधी बोलली नाही, पण भेटेल त्याला 'आमची बाई लिवायली' एवढं सांगायची.

तर त्या लिहिणाऱ्या बाईनं निबंधाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य लिहिलं होतं. ऊसतोड करणाऱ्या पालकांमध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी अनास्था आढळते. वाक्यापुढे कंसात तीन निबंधांचे संदर्भ. तिन्ही निबंधांत हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत होतं. मी ते उचललं, क्रम थोडा फिरवला आणि टाइप केलं. टाइप करताना माझा हात अडखळला नाही, हे मला आज सांगायला लाज वाटते. शोधनिबंधात असंच लिहायचं असतं, अशी माझी समजूत होती.

बेचाळीस संदर्भांची उलटतपासणी झाली त्याच दिवशी सर या वाक्यापाशी आले होते.

"हे तुमचं वाक्य हाय का?"

"नाही सर. तिघांनी लिहिलंय."

"तिघांनी बगितलं, का एकानं बगितलं आन दोघांनी उतरवलं?"

मी म्हटलं, ते कसं कळणार. तर म्हणाले, "तिघांची कार्डं लिवा. तिसऱ्या ओळीत कळतंय." आणि मग, पंचा खांद्यावर नीट करत, "आई सध्या काय करायली?"

"खुरपायला जाते."

"तिला दाखवलं का हे वाक्य?"

बसमध्ये मी रडले ती याच प्रश्नामुळे. शोधपत्रिकेला निबंध पाठवायला वीस दिवस उरले होते. निबंध छापून आल्याशिवाय प्रबंध सादर करता येणार नव्हता, आणि ही तारीख हुकली तर पुढच्या अंकासाठी सहा महिने थांबायचं होतं. हे सगळं सोडून या माणसानं माझ्या आईला मध्ये आणायचं काय कारण, असं मला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे प्रश्न बरोबर होता. आई ते वाक्य ऐकून काय म्हणेल, याची मला कल्पनाच करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं तीन कार्डं लिहायला घेतली. तिसरा निबंध म्हणत होता, दुसऱ्यात पाहा. दुसरा म्हणत होता, पहिल्यात पाहा. पहिल्यात 'कशावरून' या ओळीत एका शाळामास्तरांच्या पुस्तिकेचं नाव निघालं. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मास्तरांनी आपल्या शाळेबद्दल लिहिलेली छोटी पुस्तिका. म्हणजे तीन निबंधांच्या अंगावर पांघरूण एकच होतं, आणि ते कुणी उलगडून पाहिलं नव्हतं. पुस्तिका इंटरनेटवर नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्हती. मी सरांना म्हटलं, मिळत नाही म्हणून लिहून टाकू.

"मिळत न्हाई म्हणायला आगोदर धुंडाळावं लागतंय," सर म्हणाले आणि त्यांनी टपालाची कार्डं काढली. हो, ती अजून मिळतात, आणि तालुक्यातल्या पोस्टात ती नेमानं विकत घेणारं गिऱ्हाईक बहुधा हे एकटेच. मास्तरांची नेमकी शाळा ठाऊक नव्हती, म्हणून त्या भागातल्या, चारठाणा आणि आसपासच्या, शाळांना त्यांनी आठ कार्डं लिहिली. हस्ताक्षर मोत्यासारखं, मजकूर तीन ओळींचा. फोन का करत नाही असं विचारलं तर म्हणाले, फोनवर माणूस बघतो म्हणतो आणि विसरतो, कार्ड टेबलावर पडून राहतं आणि त्याला छळतं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. गाईड रोज विचारत, पाठवला का. मी तीनदा मेल लिहून तयार केली आणि तीनदा पाठवली नाही. एकदा तर बोट बटणावर होतं. ते एक वाक्य काढून टाकून बाकी पाठवता आलं असतं, नाही असं नाही. पण सगळा निबंधच त्या वाक्यावर उभा होता. पालकांना आस्था नाही, म्हणून त्यांचं प्रबोधन करावं, अशी माझी शिफारस होती. विसावा दिवस गेला. तारीख हुकली. गाईड म्हणाले, "बघू आता पुढच्या अंकात," आणि चष्मा पुसत बसले. मी वाचनालयात जाणंच बंद केलं. सरांनी माझे सहा महिने खाल्ले, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते.

मग एके दिवशी आमच्या घरी टपालाचं कार्ड आलं. माझा नंबर सरांकडे होता, तरी कार्डच. 'पुस्तिका आहे. शाळेबाहेर देत नाहीत. शनिवारी सकाळची शाळा असते. पहिल्या गाडीने निघू. सोबत घरचे माणूस आणावे.' आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "शनवारी खुरपणाला खाडा करते. मी येते."

आम्ही तिघं परभणीला गाडी बदलून जिंतूरला, तिथून पुढे चारठाण्याच्या बाजूला गेलो. पाऊस उघडलेला, रानं हिरवीगार. वाटेत चारठाण्याला आईनं खिडकीतून जुन्या देवळांकडे बोट दाखवलं. सरांनी मान वर केली नाही. "देवळं दगडाची हाईत, ती राहत्यात. कागूद राहत न्हाई. आगोदर कागूद बगू," म्हणाले. काकूंनी दिलेल्या भाकरी आणि तिळाची चटणी आईनं गाडीतच सगळ्यांना वाढली. सर आईशी एक शब्द माझ्या निबंधाबद्दल बोलले नाहीत. ज्वारी कशी काय म्हणतेय, एवढंच विचारत होते.

शाळेतल्या मोठ्या बाईंनी कपाट उघडून एक गठ्ठा काढून दिला. मास्तर वारून बरीच वर्षं झाली होती. पुस्तिका चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली, अक्षरं फिकी निळी, टाचण्या गंजून कागदाला डाग पडलेले. सरांनी पंच्यानं ती हलकेच पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. "मोठ्यानं वाचा," म्हणाले. "आईलाबी ऐकू द्या." आई वर्गात जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पाढ्यांचा तक्ता.

पान सापडलं. त्यावर एक तक्ता होता. गैरहजर मुलांची कारणं. आजार, घरकाम, आणि सगळ्यांत लांब रांग 'पालकांची अनास्था' या रकान्यात. मी ते वाचलं आणि थांबले. मनात म्हटलं, बघा, आहे की. मला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि मेल्यासारखं वाटलं. आईकडे मी पाहिलं नाही.

"पान उलटा," सर म्हणाले.

मागच्या पानावर मास्तरांनी तो तक्ता कसा भरला ते लिहिलं होतं. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा झाला, तेव्हा वरून आलेला फॉर्म भरायला ते घरोघर फिरले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं होती. कुलपाला फॉर्मात रकाना नव्हता. जागा कोरी ठेवली तर फॉर्म परत येई. म्हणून ज्या घराला कुलूप, त्या घरातल्या पोरापुढे त्यांनी 'अनास्था'च्या रकान्यात खूण केली. खाली मास्तरांनी हेही लिहिलं होतं, की हे खरं नाही. हीच माणसं गावाहून निघायच्या आदल्या दिवशी शाळेत येऊन पुढचे धडे कोणते ते विचारून जातात. माझ्या हातून चूक झाली आहे, पुढे कुणी हे वाचलं तर दुरुस्त करावं.

पहिल्या निबंधवाल्यानं तक्ता घेतला होता आणि पान उलटलं नव्हतं. दुसऱ्यानं, तिसऱ्यानं पुस्तिकाच पाहिली नव्हती. चौथी मी.

मग आई म्हणाली, "म्हंजी आमच्या घरापुढंबी तसंच लिवलं आसंल का, सर?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हो बाई, लिहिलंच असेल. किंवा, नाही हो, तसं कसं लिहितील. सर म्हणाले, "मालूम न्हाई. तुमच्या गावची वही म्या वाचली न्हाई." आणि त्यांनी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. "पर तुमी हाईत न्हवं समोर. तुमालाच इचारतो. कुलूप कोण लावायचं?"

"मीच लावायची."

"तवा पोरीची पुस्तकं कुठं आसायची?"

"डब्यात की. पिठाच्या डब्यात," आई म्हणाली. "कोपीत उंदरं लय. पत्र्याचा डबा एकच होता. पीठ गाठोड्यात बांधायची आन डब्यात हिची पुस्तकं."

मला त्या कोपीबद्दल, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीबद्दल, एक गोष्ट पक्की आठवत होती. आमच्या पिठाला नेहमी उंदीर लागायचे. शेजारच्या कोपीतल्या बाया डब्यात पीठ ठेवायच्या आणि आपली आई का ठेवत नाही, म्हणून मी चिडायची, भाकरीवरून रुसायची. डब्यात काय होतं, ते मला माहीत होतं. रोज त्यातूनच तर पुस्तक काढायची. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पीएच.डी.पर्यंत शिकून नाही पाहिल्या.

सरांनी कार्डावर तीन ओळी लिहिल्या. सांगणारी: ऊस तोडणारी आई, कोपीत उभी राहून. म्हणणं: पीठ उंदरांनी खाल्लं तरी चालेल. कशावरून: डबा. चौथी ओळ कोरी ठेवून कार्ड माझ्याकडे दिलं. "ही तुमी लिवा. मला न्हाई येणार."

मी मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढले. सरांनी तेवढ्यावर भागू दिलं नाही. "फोटू काढला की माणूस वाचायचं सोडतंय," असं म्हणून त्यांनी दोन्ही पानं स्वतः तीन कार्डांवर उतरवून घेतली, मास्तरांच्या शेवटच्या ओळीसकट. तास लागला. आई त्यांच्या हाताकडे बघत बसली होती. कार्डं मला देताना सर म्हणाले, "आठ दिवसांत परत."

त्यानंतर मी निबंध पहिल्यापासून लिहिला. बेचाळीस संदर्भांचे सतरा झाले, पण सतराच्या सतरा बोलणारे. प्रत्येकाचं कार्ड केल्यावर कळलं, की निम्मे निबंध एकमेकांचीच उष्टी वाक्यं खाऊन जगत होते, आणि दोन-तीन जुन्या माणसांनी मात्र प्रामाणिकपणे बघून लिहिलेलं होतं, ज्यांना कुणी विचारत नव्हतं. प्रबोधनाची शिफारस गेली. त्या एका वाक्याचा प्रवास हाच माझा निबंध झाला. गाईडनी सतरा आकडा पाहून आधी तोंड वाकडं केलं. वाचून झाल्यावर उठले. मग दार लोटून घेत विचारलं, "ते कार्डाचं नेमकं कसं करतात?" आज त्यांचे विद्यार्थी पहिल्या वर्षी दुसरं काही लिहीत नाहीत, फक्त कार्डं.

निबंध छापून आला तेव्हा मी अंक घेऊन गावी गेले. संदर्भसूचीच्या शेवटी आईचं पूर्ण नाव होतं, गावासकट, प्रत्यक्ष मुलाखत म्हणून. आईनं मला नेमकी जागा दाखवायला लावली. त्या ओळीवर बोट ठेवलं, मग बोट हळूहळू वर सरकवत सगळी नावं विचारली. सतरा नावं मी वाचून दाखवली.

"आन सराचं?"

मी म्हटलं, सरांचं नाही.

"का?"

मी तिला सांगायला लागले, की शेवटी आभाराच्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या. पण त्या अंकाचा ठरलेला नमुना होता, त्यात आभाराला जागा नव्हती. संपादकांनी कळवलं, ओळी काढा, नाहीतर निबंध परत येईल. घाई होती, मी काढल्या. बोलता बोलता मी थांबले. आईनं मान हलवली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, फॉर्मात जागा नसते हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. मला मात्र मास्तरांचं ते पान पुन्हा उलटल्यासारखं झालं. मास्तरांनी निदान मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. मी तेही केलं नव्हतं.

सर आता निवृत्त झाले आहेत. सगळे खण त्यांच्या ओसरीवर आहेत आणि मागची बाजू कोरी असलेली कार्डं अजून संपलेली नाहीत. त्यांनी उतरवून दिलेली ती तीन कार्डं दोन वर्षं झाली, माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आठ दिवसांत परत करायची होती. तेव्हा नियमाप्रमाणे दंड भरते.

लिहिणारी: कुलूप लागलेल्या घरातली मुलगी, आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते.

म्हणणं: हा माणूस नसता तर मी माझ्या आईबद्दल खोटं लिहून पदवी घेतली असती, आणि मला ते कधी कळलंही नसतं.

कशावरून: तीन कार्डं. माझ्याकडे आहेत.

माझ्या काय कामाचं: आता माझे विद्यार्थी वाक्य घेऊन आले की मी आधी पान उलटायला सांगते.

पाचवी ओळ लिहायची नसते, ठाऊक आहे. तरी लिहिते. सर, तुम्ही माझ्यावर फार उपकार केलेत. येत्या रविवारी कार्डं परत करायला येते. आईही येणार आहे. डबा तिनं टाकलेला नाही, तुम्हाला दाखवायचा आहे म्हणते.